बोटाला लागलेली अफू

मी लहानपणी फार रडकी होते, असं घरातले सगळे सांगायचे. सांगताना हसायचे. आता सांगणारे एकेक करून गेले, आणि माझ्या रडकेपणाची गोष्ट मलाच मला सांगावी लागते. खरं म्हणजे मला तिचा कंटाळा आलाय. पण मागच्या महिन्यात, जिथं मी उभी हयात शिकवलं त्या शाळेत व्यसनमुक्तीचं व्याख्यान झालं आणि मला पहिल्या रांगेत नेऊन बसवलं. बोलणारा पोरगा तरुण होता, तळमळीनं बोलला. वाईट संगत टाळा, म्हणाला. पोरांनी माना डोलवल्या, त्यातल्या निम्म्यांच्या खिशात गुटख्याच्या पुड्या होत्या. मी खाली मान घालून ऐकत राहिले. माझ्या बहिणीला संगत होती ती आईची, चुलतीची आणि माझी. त्यातली कुठली टाळायची होती, हे त्याला विचारावंसं वाटलं, पण एवढ्या उन्हाचं कोण वाद घालत बसणार.

आमचं गाव सास्तूरपासून बैलगाडीनं दोन तासांवर, कर्नाटकाच्या अंगाला. घरात अर्धी मराठी, अर्धी कानडी. आईला आम्ही अव्वा म्हणायचो, वडिलांना अप्पा, आणि थोरल्या बहिणीला मी अक्का. ती माझ्याहून साडेसात वर्षांनी मोठी.

त्या काळी आमच्याकडे अंगावरचं लेकरू घेऊन बाई शेतात जायची ती त्याला गोळी देऊनच. गोळी म्हणजे अफू. बाजरीच्या दाण्याएवढी काढायची, दुधाच्या दोन थेंबांत बोटानं उगाळायची आणि लेकराच्या जिभेवर टेकवायची. मग ते बांधावरच्या बाभळीला टांगलेल्या झोळीत दुपार कलेपर्यंत झोपायचं आणि बाई निवांत खुरपायची. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट न देणारीलाच लोक नावं ठेवायचे, की लेकराला रडवती. मूल दोन-अडीच वर्षांचं झालं की गोळी सोडवायची, त्याचीही रीत ठरलेली. आधी बाजरीएवढी, मग मोहरीएवढी, मग नुसतं बोट, मग काहीच नाही. आणखी एक रीत होती. उगाळून झाल्यावर बोटाला जे राहील ते पुसायचं नाही, चाटायचं. सरकारी मक्त्याच्या दुकानातून आणलेली महागाची वस्तू लुगड्याला पुसणं म्हणजे घर बुडवायची लक्षणं. मोठ्या बाईला तेवढ्याशानं काही होत नसे. रीत मोठ्यांसाठी होती, पण तसं कुणी कधी बोलून दाखवलेलं नव्हतं.

मी दीड वर्षाची असताना पळापळीचं साल आलं. निजामाचं राज्य जायच्या आधीचे ते दिवस. घोड्यांवरून हत्यारबंद माणसं येतायत अशी आवई उठली की गावच्या गाव रानात शिरायचं. भादवा होता, पावसानं ओढ दिलेली, आणि जोंधळा माणूस उभा राहिला तरी दिसणार नाही एवढा वाढलेला. आमचं घर आणि शेजारची दोन घरं तीन दिवस त्या जोंधळ्यात बसून होती. भर दिवसा गाडीवाटेनं घोडी जायची. टापा ऐकू यायच्या. आणि मी रडत होते.

‘त्या पोरीचं तोंड दाबा,’ कुणीतरी म्हणालं. ‘न्हायतर तिला घिऊन दुसरीकडं जावा. एकीपायी सगळे मरतील.’

अव्वाच्या कनवटीला अफूची डबी होती, पण तिचे हात इतके कापत होते की डबी उघडेना. अक्कानं ती तिच्या हातातून घेतली. नऊ वर्षांची होती. दूध कुठलं, तिनं थुंकीत उगाळली आणि माझ्या तोंडात बोट घातलं. मी चोखत झोपले. मग घरात रोज बघितलं होतं तसं तिनं उरलेलं बोट चाटलं. असं त्या तीन दिवसांत किती वेळा झालं कुणास ठाऊक. अव्वा पुढं कौतुकानं सांगायची, ‘थोरली लई शहाणी. तीन दीस तोंडातून शबूद न्हाय काढला.’

तिसऱ्या दिवशी दुपारी अप्पा तांब्या घेऊन गाडीवाटेपलीकडच्या ओढ्याला पाणी आणायला गेले, ते आले नाहीत. दोन दिवसांनी सापडले. आमच्यात पुरतात, तिथंच ओढ्याच्या काठाला पुरलं. पुढं फौज आली, संस्थान गेलं, झेंडे लागले, आणि मग दुसऱ्यांची पळापळ झाली. शेजारची खाला, जिच्या कडेवर मी वाढले म्हणतात, पोरांना घेऊन गेली ती कधी परतली नाही. मला यातलं काहीही आठवत नाही. मी झोपले होते. त्याची मला अजून लाज वाटते, आणि कुणी कितीही समजूत घातली तरी ती जात नाही.

मला आठवतं ते त्यानंतरचं. आम्ही काकाच्या घरात राहायला लागलो. अव्वा आणि काकू दोघी शेतात. गावात मराठी शाळा सुरू झाली, माझं नाव घातलं. अक्काचं वय निघून गेलं असं ठरलं. ती तेव्हा तेरा-चौदा वर्षांची असेल. तिच्याकडं काकूचं धाकटं लेकरू, आणि गल्लीतली आणखी दोन. सकाळी बाया आपापलं लेकरू तिच्या ओट्यावर ठेवून खुरपं घेऊन निघायच्या. अक्का तीन गोळ्या काढायची, तीन वेळा उगाळायची, तीन वेळा बोट चाटायची.

मला दोन अक्का माहीत होत्या. सकाळची अक्का चिडकी. नाक गळतंय, अंग मोडून येतंय, माझी वेणी घालताना केस उपटायची. दुपारची अक्का मऊ. डोळे अर्धे मिटलेले, आवाज हळू, मांडीवर डोकं ठेवलं तर तासभर हलायची नाही. काही मागायचं तर दुपारी मागावं, हे मी पाचव्या वर्षीच शिकले होते. पोरं आपल्या सोयीचं तेवढं बरोबर शिकतात.

गावात वरात आली, नवरदेवाचं घोडं दगडी गल्लीत टापा वाजवत निघालं, की अक्का दिसेनाशी व्हायची. धान्याच्या कणगीमागं भिंतीला चिकटून बसलेली असायची. बाया चेष्टा करायच्या, ‘हिच्या वरातीला रेडा आणावा लागंल.’ मीही हसायचे. आणखी एक तिची खोड होती. ती कधी कुणाला पाणी मागायची नाही. तापानं फणफणली तरी स्वतः उठायची, भिंतीला धरत रांजणापर्यंत जायची. मी धावले तर म्हणायची, ‘तू बस खाली. हालू नगंस.’ स्वाभिमानी आहे, असं काकू म्हणायची.

मग सरकारनं मक्त्याचं दुकान बंद केलं. अफू मिळेनाशी झाली. काकूनं साठवलेली होती ती पुरवून पुरवून वापरायची म्हणून गोळी बारीक झाली. आणि काकूचं लेकरू दिवसभर रडायला लागलं. शेजारणी सांगायला लागल्या. काकू तोंडाची तिखट, पण अक्कल जागेवर असलेली बाई. तिनं मला एक शेंगादाण्याचा लाडू दिला आणि विचारलं, ‘खरं सांग. अक्का लेकराला गोळी देती का न्हाय?’

मी सात वर्षांची होते. लाडू खाऊन झाल्यावर सांगितलं, ‘आदी स्वताच्या तोंडात घालती. मग उरलं तर त्याला.’

त्या दिवशी काकूनं अक्काला उलथन्याच्या दांड्यानं मारलं. अक्का ओरडली नाही, अव्वा मध्ये पडली नाही. अव्वा चुलीपुढं बसून म्हणाली, ‘डबी म्याच दिली तिच्या हातात.’ दिली नव्हती, जोंधळ्यात अक्कानंच घेतली होती. पण ते सांगायला कोण बसलं होतं. मी कोपऱ्यात बसून लाडवाचा गूळ लागलेली बोटं फ्रॉकला पुसत होते.

यावर आमच्याकडं एकच औषध होतं. हात पिवळे करायचे. नव्या घरी गेली, कामाला लागली की सुटंल, असं काका म्हणाले. अफूचं अक्षर सासरी कुणी काढलं नाही. तिथं तिला पहिले दहा दिवस जुलाब, उलट्या, थंडी. सासरच्यांनी अंगारा लावला. अकराव्या दिवशी सासूच्या ध्यानात आलं की सून हलक्या हाताची आहे, म्हणून स्वतःच्या गुडघ्यांची गोळी उगाळायचं काम तिच्याकडं दिलं. म्हातारीनं कुठल्या तरी जडीबुटीवाल्याकडून अफू चोरून मिळवलेली होती. पुढच्या वेळी काका जाऊन आले ते आनंदात. ‘पोरगी लई खुशीत हाय. सासू म्हनती, असली सून बगितली न्हाय. पानीसुदिक कुनाला मागत न्हाय.’

चार वर्षांनी अक्का पहिल्या बाळंतपणाला आली. मी अकरा वर्षांची, उन्हाळ्याची सुट्टी लागलेली. गाडीतून उतरली तेव्हा मला ओळखू आली नाही. गालाची हाडं वर, दात मिश्रीनं काळे, आणि पदराच्या एका टोकाला सुपारीएवढी गाठ. ती गाठ ती झोपेतसुद्धा मुठीत धरायची. सासूच्या डबीतलं थोडं थोडं काढून जमवलेलं होतं. मला ते सांगायची गरज नव्हती. सकाळची अक्का आणि दुपारची अक्का मी पहिल्याच दिवशी ओळखल्या.

मुलगी झाली. लहान, सुरकुतलेली, आणि रडकी. कशी रडायची म्हणून सांगू. दूध पाजलं तरी रडे, शेकलं तरी रडे, हातपाय थरथरवत रडे. आईच्या पोटात असल्यापासून तिला अफूची सवय लागली होती, हे मला पुढं खूप वर्षांनी एका डॉक्टरीणबाईंकडून कळलं. तेव्हा आम्हाला एवढंच कळत होतं की मावशीवर गेली.

पाचव्या दिवशी काकू म्हणाली, ‘रडवून मारती का काय पोरीला? बाजरीएवढी गोळी दे. आपली सगळ्यांचीच लेकरं तिच्यावर वाढली.’

काकू आणि अव्वा धसकटं वेचायला शेतात गेल्यावर तिनं मला बाजेजवळ बोलावलं. पदराची गाठ सोडत होती. मला वाटलं, आता मलाच उगाळायला लावणार, आणि मी उगाळणार, कारण तिला नाही म्हणायची माझी पत नव्हती. तिनं ते काळं ढेकूळ माझ्या तळहातावर ठेवलं.

‘ह्ये तुज्याकडं ठिव. मला दावू नगं, कुटं ठिवलंस ते. हिला द्यायचं न्हाय. काकूनी मागितलं तरी न्हाय.’

‘आन् तुला?’

‘मला सोडवायचं लेकराला सोडवतेत तसं. बाजरीएवढी आठ दीस. मग मोहरीएवढी. मग बोट. तू उगाळायचं. आन् झालं की बोट भिंतीला पुसायचं. चाटायचं न्हाय. चाटशील तर तुजी जीब हासडीन.’

एवढं मोठं काम माझ्याकडं त्याआधी कुणी दिलं नव्हतं आणि त्यानंतरही दिलं नाही. मी ते ढेकूळ शाळेच्या दप्तरात, पाटीच्या फडक्यात बांधून ठेवलं. रोज सकाळी अव्वा नि काकू बाहेर पडल्या की दार लोटून उगाळायचे, अक्काच्या जिभेवर बोट टेकवायचे आणि बाजेमागच्या मातीच्या भिंतीला पुसायचे. अव्वाला त्या भिंतीवरचे तपकिरी ओघळ दिसत असणार. तिनं एक दिवस न बोलता शेणानं ती भिंत सारवून टाकली, म्हणजे उद्याला जागा झाली.

बाजरीचे आठ दिवस बरे गेले. मोहरीच्या तिसऱ्या दिवशी बाळ सकाळपासून रडत होतं, आणि अक्का बाजेवर गुडघे पोटाशी घेऊन कापत होती. वैशाखात अंगावर वाकळ. तिनं मला बाजरीएवढी मागितली. मी नाही म्हणाले. मग तिनं मला ज्या शिव्या दिल्या त्या मी पुन्हा कुणाच्या तोंडून ऐकल्या नाहीत. शेवटी म्हणाली, ‘तुज्यापायी लागलं ह्ये मला. तू रडलीस म्हनून.’

तेच मी जन्मभर ऐकायची वाट बघत होते. मी दप्तर काढलं आणि बाजरीएवढी दिली. बाजरीपेक्षा जरा मोठीच. ती शांत झाल्यावर मी चुलीजवळ बसून रडले. केलं-सवरलं सगळं वाया गेलं असं मला वाटलं.

दुपारी तिनं हाक मारली. डोळे जड होते, पण बोलणं स्पष्ट होतं. ‘तुज्यापायी न्हाय,’ ती म्हणाली. ‘खोटं बोलले म्या. इकडं बस.’

मी बसले. ती भिंतीकडं बघत बोलली.

‘बोट चाटलं की तोंड कोरडं पडतं. तवा ठावं नव्हतं. तिसऱ्या दिशी म्या पानी मागितलं. अव्वा म्हनली, गप बस. म्या परत मागितलं. तीनदा मागितलं. मग अप्पा उठलं, तांब्या घेतला, माज्या डोक्यावर हात ठिवला आन् गेलं. जोंधळ्याच्या ताटांच्या फटीतून मला वाट दिसत होती.’

पुढं काय दिसलं ते तिनं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मग म्हणाली, ‘लेकरू रडाया लागलं की मला वाटतं, आता घावलो. दर येळी तसंच वाटतं. गोळी घितली की न्हाय वाटत.’

मी तिच्या अंगावरची वाकळ सारखी केली. पुढं शाळेत इतकी पोरं हाताखालून गेली. कुणाच्या दप्तरात तंबाखू सापडायची, कुणी भट्टीची दारू पिऊन वर्गात डुलायचं. हेडमास्तर विचारायचे, कुणाच्या नादाला लागला? मी पोराला बाजूला घेऊन विचारायचे, घरी काय झालं होतं? पुष्कळदा उत्तर मिळायचं नाही. मिळालं तरी माझ्याकडं त्यावर इलाज नसायचा. नुसतं ऐकून घ्यायचं आणि संध्याकाळी थकून घरी यायचं. पण विचारायचं सोडलं नाही, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी अक्का म्हणाली, ‘आज मोहरीएवढी. काल झालं ते झालं.’ आम्ही मोहरीपासून पुन्हा सुरुवात केली. आणखी दोनदा ती ढळली, एकदा मी ढळले. सव्वा महिना संपायला आला तेव्हा नुसत्या बोटावर आलो होतो, आणि दप्तरातलं फडकं जवळजवळ रिकामं झालं होतं. उरलेलं मी उकिरड्यात खोल पुरलं. काकूनं गोळीचा विषय अधूनमधून काढला, पण तोवर पोरगी अंग धरायला लागली होती. अक्का पुढं बरीच वर्षं जगली. अफूला परत शिवली नाही. सासूची गोळी मी उगाळणार न्हाय, असं तिनं सासरी सांगितलं आणि त्यापायी वर्षभर बोलणी खाल्ली. मिश्री मात्र शेवटपर्यंत सुटली नाही. तिच्या पोरीनं खूप ओरडून पाहिलं. मी कधी बोलले नाही.

सासरी जायच्या आदल्या दिवशीची दुपार मला नीट आठवते. घरात आम्ही तिघीच. त्या दिवशी बोटसुद्धा नव्हतं, पहिलाच कोरडा दिवस. बाळ झोळीत होतं आणि एकाएकी रडायला लागलं. मी उठले, तर अक्का म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे. रडू दे तिला थोडं.’ तिच्या कपाळावर घाम होता. दोन्ही हातांनी बाजेची कड घट्ट धरली होती. बाळ रडत होतं. गल्लीतून कुणी आलं नाही. शेजारीण तिच्या अंगणात डाळ भरडत होती, जात्याचा आवाज चालूच होता. बराच वेळ गेला. मग अक्कानं वाकून पोरीला उचललं, छातीशी धरलं, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली,

‘मला पानी आन.’

मी रांजणाकडं वळले. रांजण तळाला गेला होता. मी कळशी घेतली, पोहरा घेतला आणि गल्लीच्या टोकाला आडावर गेले. उन्हानं पाय पोळत होते. पोहऱ्यानं कळशी भरली आणि निम्मं पाणी अंगावर सांडत घाईघाईनं परत आले.

ती बाजेवरून उठून उंबऱ्यात येऊन उभी होती. लेकरू छातीशी, एक हात चौकटीला. गल्लीकडं टक लावून बघत होती. मला बघितल्यावर तिचा हात चौकटीवरून खाली आला.

‘आलीस,’ ती म्हणाली, आणि खाली बसून, लेकरू मांडीवर घेऊन ओंजळीनं पाणी प्यायली.